दत्तक घर

डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षी कॉलेजने आम्हाला तब्येतीवर लक्ष ठेवायला गावातलं एकेक घर दत्तक दिलं. मला बेडशातलं शालनमावशींचं मिळालं. दर महिन्याला त्यांचं बीपी चढलेलंच असायचं. "गोळ्या घेता ना?" विचारलं की त्या "व्हय, समरीन" म्हणायच्या. मी वहीत बरोबरची खूण करून, चहा पिऊन निघायचे.

तिसऱ्या वर्षी एकदा गेले, तर मावशींची एक बाजू लुळी पडलेली. त्यांच्या सुनेने, ज्योत्स्नाने, डबा पुढे केला. आत सगळ्या गोळ्या तशाच होत्या.

"गोळीनं चक्कर यायची, म्हणून आत्या घेत न्हवत्या. खरं सांगितलं तर समरीनचे मार्क कापतील म्हनायच्या."

गोळी बदलून देता आली असती.

त्या वहीला मला पैकीच्या पैकी मिळालेत.