वाऱ्याला बाहेरची वाट

साडू-साडूंचं लांबूनच बरं असतं म्हणतात. पण या दोघांचं तसं नव्हतं. बायका सख्ख्या बहिणी असूनही एकमेकींशी आठ-आठ दिवस अबोला धरायच्या, आणि हे दोघं मात्र रविवार उजाडला की गॅरेजचं शटर वर करून एकाच गाडीखाली आडवे झालेले सापडायचे. थोरला पत्र्याचा माणूस. बसगाड्यांच्या बॉड्या बांधण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. धाकटा इंजिनाचा. थोरला त्याला ‘साडोबा’ म्हणायचा, तो थोरल्याला ‘दादा’ आणि त्याच्या बायकोला ‘ताई’.

गाडी धाकट्याची. दोन सीटांची, बुटकी, इंजिन सीटांच्या पाठीमागे. मूळचं इंजिन काढून त्याने त्याहून दांडगं बसवलं होतं. जुनं बॉनेट गंजून गेलं तेव्हा थोरल्याने अ‍ॅल्युमिनियमच्या सपाट पत्र्यातून, वाळूच्या पिशवीवर हातोडीने ठोकत, नवं घडवलं. साचा नाही, नमुना नाही. हात फिरवला तर उतार कुठे सुरू झाला हे कळू नये, असं काम.

दुखणं एकच होतं. डोंगराचा चढ लागला की गाडी तापायची. निम्म्यावर काटा लाल रेघेला टेकायचा आणि दोघं रस्त्याकडेला बसून ती निवायची वाट बघायचे, मग तिथूनच परतायचे. वेगात पुढचं तोंडही हलकं पडायचं. स्टीअरिंगमध्ये जीव राहायचा नाही. धाकट्याने मोठा रेडिएटर घातला, जोडीला दोन पंखे लावले. पालथ्या घड्यावर पाणी.

“पाण्याचा नाहीच हा प्रश्न,” एका रविवारी थोरला म्हणाला. “वाऱ्याचा आहे. रेडिएटर नाकाशी. वारा समोरून शिरतो, तापतो, मागे येतो. पुढे जायचं कुठे? खालून तर तू सपाट पत्रा ठोकलायस.”

“तो वेगासाठी, दादा.”

“असेल. पण पाहुण्यांना पुढच्या दाराने घेतोयस आणि मागचं दार बंद केलंयस. बिचारे चाकांच्या कोनाड्यांत कोंबले जातात, नाक वर उचलतात. मग नवा पाहुणा शिरणार कुठून?”

“मग काय करायचं?”

थोरल्याने बॉनेटवर पंजा टेकला. “इथून वर काढायचा. हे कापायचं.”

धाकट्याने त्या उतारावरून हात फिरवला. “बिघडलं तर दुसरं कराल?”

“दुसरं नाही व्हायचं आता,” थोरला म्हणाला, आणि चहा आला का बघायला बाहेर गेला.

वयामुळे म्हणत असेल, असं धाकट्याला वाटलं. पुढचे काही रविवार तयारीत गेले. बॉनेटखालची स्टेपनी काढून टाकली, तिच्या जागी रेडिएटर पुढे झुकवला, मागून पत्र्याचं बोगद्यासारखं तोंड बनवून वर बॉनेटपर्यंत आणलं. कुठे फट राहू द्यायची नाही, नाहीतर वारा चोरवाटेने पळतो. हे सगळं धाकट्यानेच कापलं, वाकवलं. थोरला एक हात खिशात घालून सांगत राहिला. चष्म्याचा नंबर बदललाय म्हणाला.

पण बॉनेट कापायच्या दिवशी तो ऐकेना. “घडवलंय मी. कापणारही मीच.”

“काचेजवळ आखू का?”

“छट्! काचेपाशी बाहेरचा वारा दाबून धरतो. भोक पुढेच हवं, उताराच्या सुरुवातीला. तिथे तो आतल्या गरम वाऱ्याला वर ओढून घेतो.”

धाकट्याने आखलं, कोपऱ्यांत भोकं पाडली. थोरल्याने विजेची करवत घेतली. पहिली कड सुईत दोरा ओवावा तशी गेली. दुसऱ्या कोपऱ्यावर त्याचा हात थरथरू लागला. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. करवत उसळली, रेघ सोडून चांगली चार बोटं पुढे धावली, आणि बॉनेटच्या सगळ्यात देखण्या उतारावर चीर पडली.

करवत बंद झाली.

मग थोरला स्टुलावर बसला आणि त्याने तो हात मांडीवर उघडा ठेवला. हात आपला आपणच हलत होता.

“नसांचं आहे,” तो म्हणाला. “वाढतच जाणार म्हणतात. दोन डॉक्टरांना दाखवलं, दोघांचं एकमत. एवढ्या वर्षांत डॉक्टरांचं एकमत झालेलं हेच पहिल्यांदा बघतोय.”

धाकट्याला हसू आलं नाही. “ताईंना ठाऊक आहे?”

“नाही. आणि तूही बोलायचं नाही.” मग करवतीकडे बघून, “उचल करवत. उरलेलं तू काप. पात्याला ढकलू नकोस, त्याचं त्याला जाऊ दे.”

धाकट्याने कापलं. चीर सांधायची म्हणजे वेल्डिंग आलं, आणि पातळ अ‍ॅल्युमिनियम त्याने जन्मात सांधलं नव्हतं. सरावाच्या भंगार तुकड्यांना भोकंच पाडत सुटला.

“लाल व्हायची वाट बघतोयस तू,” थोरला स्टुलावरून म्हणाला. “हा लाल होत नाही, एकदम सांडतो. पाण्यासारखी चमक आली की सरकायचं. आता. आता सरक!”

जमलं, पण ओबडधोबड. धाकटा म्हणाला, राहू दे अशीच, तुमची आठवण. थोरला भडकला. “मी मेलोय का? घास ती!” तीन वेळा घासायला लावली.

त्याच दुपारी ताई डबा घेऊन आली. थोरला मागे हात धूत होता. ताई बॉनेटपाशी उभी राहिली, सांध्यावरून तिने बोट फिरवलं. “हे त्यांच्याकडून झालं ना?”

धाकट्याने मान खाली घातली.

“मी वर्षभर त्यांना अर्धाच कप चहा देतेय,” ती हळूच म्हणाली. “भरलेला सांडतो म्हणून. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांना वाटतं मला कळत नाही. वाटू दे. त्यांनी सांगितल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.”

आता दोघांची गुपितं एकट्या धाकट्याच्या पोटात. त्या रात्री बायकोने विचारलं, काय झालंय तुम्हाला, तर म्हणाला, गाडीचं टेन्शन.

पुढच्या रविवारी वाऱ्याची दिशा दिसावी म्हणून बॉनेटवर लोकरीच्या धाग्यांचे तुकडे चिकटवून दोघं चढाला लागले. थोरला शेजारच्या सीटवर, डोळे धाग्यांवर. वेग आला तसे भोकामागचे धागे काचेच्या दिशेने सरळ ताणले गेले, एकही उलटा फडफडला नाही. तापलेली हवा काचेवरून वर जाताना समोरचा रस्ता थोडा लहरत होता. निम्मा चढ गेला, काटा मध्यावरच. वळणात नाक रस्त्याला चिकटून राहिलं.

“निघाला बाहेर,” थोरला म्हणाला. तेवढंच.

माथ्यावर त्यांनी गाडी उभी केली. या जागी दोघं याआधी कधी पोचलेच नव्हते. खाली शहर धुरकट दिसत होतं. थोरल्याने भोकावर पंजा धरून गरम वारा पाहिला.

“आज तिला सांगतो,” तो म्हणाला. “रडेल ती.”

धाकट्याच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. त्याने ते गिळलं. “सांगा, दादा. रडल्या तर रडू द्या.”

“तू येतोस बरोबर?”

“दारापर्यंत.”

संध्याकाळच्या आत ते उतरले. थोरला घरात गेला, दार नुसतं लोटलेलं राहिलं. फटीतून धाकट्याला जेवणाचं टेबल दिसत होतं. ताई भाजी निवडत बसली होती. थोरला तिच्यासमोर बसला, खिशातून हात काढला आणि टेबलावर ठेवला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. ताईने भाजी बाजूला सारली, आपले दोन्ही हात त्या हातावर ठेवले आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं, सगळं ऐकून घेतलं.

धाकटा गाडीत येऊन बसला. किल्ली फिरवायचं त्याला बराच वेळ सुचलं नाही.