सगळ्यांच्या आधी

अमेरिकेतला एक गाणारा मेला, त्याला पन्नास वर्षं होत आली, आणि त्याच्या मरणाचा ताप आमच्या गल्लीला व्हावा, हे मला अजून पटलेलं नाही. रॉक अँड रोल म्हणतात तसल्या गाण्यांचा तो राजा होता म्हणे. तिकडे त्याला राजाच म्हणत. कपाळावर केसांचा कोंबडा, अंगात पांढरा सूट, आणि गाताना कंबर अशी हलायची की आयाबाया डोळे झाकून घेत आणि बोटांच्या फटीतून बघत. तो मेला हे त्याच्या लोकांनी कधी मानलंच नाही. कुणाला तो पेट्रोल पंपावर दिसला, कुणाला विमानतळावर. या एका अफवेवर जगात कितीतरी सिनेमे निघाले, असं गजेंद्र सांगायचा.

गजेंद्र आमच्याच गावचा. बालाघाटहून गोंदियाला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे, आणि या रस्त्याने गेलेला माणूस सहसा परत येत नाही. हा नागपूरला लग्नाचे व्हिडिओ काढायला शिकला आणि परत आला. आल्यावर यूट्यूबसाठी सिनेमे काढायला लागला. त्याने ठरवून टाकलं की तो राजा मेला नाही. तो लपायला म्हणून आमच्या जिल्ह्यात आला आणि उकव्याच्या मँगनीज खाणीत कामाला लागला. मी त्याला म्हटलं, अरे, अमेरिकेत काय जंगल नाही? तर हसला.

राजा व्हायला त्याला माणूस सापडला माझ्या शेजारचा. प्रेमलाल. राइस मिलमध्ये कामाला, आणि दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तिथे दंडारीच्या खेळात सोंग घेऊन नाचणारा, गाणारा. गळा गोड, बोलणं कमी. पांढरा सूट मी शिवला. मी शिलाईकाम करते, आणि माझे वडील होते तोवर त्यांच्या दंडारीची सगळी सोंगं माझ्याच मशीनवरून गेली. सूट घालून प्रेमलाल माझ्या आरशासमोर उभा राहिला, वरचा ओठ एका बाजूने उचलला, आणि म्हणाला, "दीदी, कसा दिसून राह्यलो?" मी म्हटलं, "मिलमधून पळून गेलेल्या भुश्यावानी." दोघंही हसलो. तेव्हा तो अजून प्रेमलाल होता.

पहिला सिनेमा उकव्यात झाला, दुसरा लामट्याच्या शेतांत. राजा धान लावता लावता गातो, असं काहीतरी. लोकांनी ते इतकं पाहिलं की विचारू नका. लांजीची बस गावात थांबली की ड्रायव्हर खिडकीतून "राजा" म्हणून हाक मारायचा. मिलमध्ये राजा, पानठेल्यावर राजा. प्रेमलाल वळून ओठ उचलायचा आणि सिनेमातलं वाक्य म्हणायचा, "शुक्रिया, बहुत शुक्रिया." हळूहळू प्रेमलाल म्हटलं की तो वळेनासा झाला. माणूस नावाजला की कान थोडे जड होतातच, असं मी आधी समजले.

मग एका दुपारी त्याची बायको अनुसया माझ्याकडे ब्लाउज घेऊन आली आणि मी मापाची टेप लावायच्या आधीच बोलली.

"बाई, काल भाजीत मीठ लय झालं. मले वाटलं, आता बोलतीन. ते शुक्रिया म्हनले."

"मंग बरं हाय न. माह्या नवऱ्यानं जन्मात नाही म्हनलं."

"सिनेमात म्हन्ते तसं म्हनले, बाई. ओठ उचलून. आन मले पाह्यलं नाही."

 त्या घरात ती दोघंच. सासू गेलेली, मूलबाळ नाही. घरात त्याला ओळखणारी ती एकटी, आणि तिलाच तो ओळखेनासा होत चालला होता.  मी माप तिसऱ्यांदा घेतलं तरी जुळेना.

त्यानंतर तिसऱ्या सिनेमाची गोष्ट गल्लीत आली. यात राजा मरतो. नदीकाठी तिरडी, मागे गाव, आणि मेलेला राजा उठून बसतो. जगभर लोक हेच म्हणतात न दीदी, की तो उठला, गजेंद्र म्हणाला. 

आमच्या वडिलांच्या दंडारीत एक नेम होता आणि तो मोडलेला मी एकदाच पाहिला. सोंगात जो मरतो, त्याने आपणहून उठायचं नाही. घरच्या बाईने जवळ जायचं, त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची, पाणी पाजायचं, मग तो उठायचा. सोंगाच्या नावाने कुणी हाक मारायची नाही. मारली तर माणूस राहतो पडलेला आणि सोंग उठतं, असं वडील म्हणत. मी लहानपणी हसायची. मग पुनाराम नावाच्या नटाला लोकांनी उत्साहाच्या भरात "महाराज, उठा" म्हणून उठवलं. तो उठला. त्या दिवसापासून अंगणात बाजेवर बसून बायकोला हुकूम सोडायचा, आणि चैतात कागदाचा मुकुट डोक्यावर ठेवून गावाबाहेर चालायला लागला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. मुकुट तेवढा नदीत अडकलेला सापडला.

हे सगळं मी गजेंद्रला सांगितलं. तो ऐकून घेतो चांगलं, एवढा गुण आहे त्याच्यात.

"हौ दीदी, करू न. शॉट झाला का अनुसया काकी हाक मारतीन. तोवर कोनी आवाज नाही करन. मी सांगतो सगळ्याइले."

"वचन दे."

"दिलं."

आता अडचण दुसरीच होती. अनुसयाने आजवर नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आमच्याकडे जुन्या वळणाच्या बायका घेत नाहीत. हाक मारायची तर "अजी", कुणाला सांगायचं तर "ते". नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यात, सगळ्या बायांनी वाट अडवून धरली तेव्हा. मी तिला माझ्या दुकानात बसवलं आणि म्हटलं, म्हण. तिने तोंड उघडलं, पदर तोंडावर घेतला, मान खाली घातली.

"नाही निघत, बाई."

"अवं, नाव हाय ते, खडा नाही. थुंक."

"उखान्यात निघते."

"मंग उखान्यात घे."

तिने घेतलं, अगदी नव्या नवरीसारखं, डोळे मिटून. "वैनगंगेच्या काठावर धानाची बांधी, प्रेमलालचं नाव घेते सगळ्यांच्या आधी." नाव आलं तसा तिचा चेहरा उजळला. मी तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, या आशेने की पुढची ओळ गळून पडेल आणि नाव मोकळं होईल. ते काही झालं नाही. नाव त्या ओळीला चिकटूनच बाहेर यायचं. मीही म्हटलं, असो, नाव आल्याशी मतलब.

शूटिंगच्या दिवशी दुपारी सगळं गाव काठावर. मंडई आटोपलेली, धान कापून झालेलं, लोकांना काम नाही. गजेंद्रने तिरडी बांधायला ज्यांना बोलावलं ते गावात खऱ्या तिरड्या बांधणारे. बांबू खरे, सुतळी खरी, मडक्यात विस्तव खरा. बांधणाऱ्यांपैकी एक म्हातारा मला हळूच म्हणाला, "बांधली तिरडी रिकामी नसते जात, बाई." मी त्याला म्हटलं, तोंड आवर. 

प्रेमलाल पांढऱ्या सुटात तिरडीवर निजला. गळ्यात झेंडूचा हार, नाकात कापूस. अनुसया पाण्याचा लोटा घेऊन माझ्याशेजारी उभी होती, आणि कापूस पाहून तिने माझा दंड धरला. नखं रुतली, पण मी काही बोलले नाही. खांदेकऱ्यांनी त्याला उचललं, थोडं चालवलं, खाली ठेवलं. तो अगदी निपचित पडला होता. छाती हलते का, मी बघत होते. दिसली नाही.

गजेंद्रने हात वर केला. शॉट झाला, असं मी समजले. सगळीकडे शांत. मी अनुसयाला पुढे ढकललं. ती गेली, त्याच्या उशाशी बसली, डोक्यावरचा पदर नीट केला. एवढ्या लोकांत, नवऱ्याचं नाव. तिने डोळे मिटले आणि बारीक आवाजात म्हणाली, "वैनगंगेच्या काठावर..."

 अगं, नुसतं नाव घे, नाव. मी ओरडणार, तेवढ्यात मागून कुणीतरी हसलं. उखाणा ऐकून हसू आलं असेल, गावच ते. एक हसला तसे दहा हसले, आणि गजेंद्रने पाहिलं की माणसं हातची चाललीत, चित्र बिघडतंय. कॅमेरा त्याने बंद केलाच नव्हता. त्याने हात खाली आणला आणि सगळ्यांना खूण केली. ती खूण त्याने आधीच शिकवून ठेवली असणार, कारण अख्खा काठ एका सुरात ओरडला, "राजा, उठ."

"...सगळ्यांच्या आधी," अनुसया म्हणाली. तोवर तो उठून बसला होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने नाकातला कापूस काढला, केसांवरून हात फिरवला, ओठ उचलला. अनुसयाने लोटा पुढे केला. थोडं पाणी त्याच्या सुटावर सांडलं. त्याने लोटा घेतला, प्याला, आणि तिच्याकडे नम्रपणे, अगदी परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

"शुक्रिया, बहनजी."

हसण्याची एवढी मोठी लाट उठली की गजेंद्र खूश झाला. त्याला वाटलं, प्रेमलालने जागच्या जागी वाक्य जोडलं. मी त्याला त्या दिवशी काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तो म्हणाला, दीदी, ॲक्टर हाय तो, घरी गेला का उतरते. मलाही तेच खरं मानायचं होतं.

ते उतरलं नाही. तो मिलमध्ये जातो, पोती मोजतो, घरी येतो. सूट काढत नाही. अनुसया ताट वाढून "अजी" म्हणते, तो वळत नाही. एकदा ती दिवसभर थांबली, अन्न तसंच. शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "राजा, जेवून घ्या." तर तो लगेच आला आणि म्हणाला, "हौ." ती मला सांगते, बाई, तो हौ त्याइचाच होता. आवाज त्याइचाच. म्हणजे आत आहेत ते कुठेतरी. हे सांगताना ती रडली, आणि मीही रडले, खोटं कशाला बोलू.

चौथ्या सिनेमाचं बोलणं सुरू आहे. यात राजा गाव सोडून जातो. आता चैत लागेल. परवा संध्याकाळी प्रेमलाल गोंदियाच्या रस्त्याकडे तोंड करून पुलावर बराच वेळ उभा होता, हे पानठेलेवाल्याने मला सांगितलं. मी अनुसयाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

काल ती तो सूट घेऊन आली. कसाबसा धुवायला म्हणून काढून घेतला होता. म्हणाली, कॉलरच्या आतून नाव शिवून द्या.

"कायले व?"

"कोनाले कुठी सापडले तं," ती म्हणाली. "म्हाइत पाह्यजे न, कोन होय ते."

मी लाल धागा ओवला. तिच्याकडे न बघता विचारलं, "कोनतं नाव शिवू?"

"प्रेमलाल," ती म्हणाली. उखाणा नाही, पदर नाही, मान खाली नाही. "प्रेमलाल शिवा, बाई."

मी दुहेरी धाग्याने शिवलं, पाण्यात टिकेल असं.