नकाशात नसलेला देश

"न्हाई. असा देशच न्हाई," असं म्हणत मल्लिकार्जुनअण्णांनी भिंग टेबलावर ठेवलं.

समोर विद्याश्रीच्या शाळेतला नकाशांचा संग्रह उघडा होता. लेक लग्न होऊन निपाणीला गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण तिची पुस्तकं घरातच होती. रद्दीवाल्याच्या काट्यावर अण्णांचा विश्वास नव्हता. युरोपच्या पानावरून त्यांनी दोनदा भिंग फिरवलं. लंडन होतं, पॅरिस होतं, रोमही होतं. स्लोव्हेनिया मात्र कुठंच नव्हता, मग त्याची राजधानी ल्युब्लियाना कुठून असणार?

"नीट बगा की," नीलम्मा भाकरी थापता थापता म्हणाली. "कंपनी खोटं कशाला बोलंल?"

"खरं तरी कशाला बोलंल?"

अण्णांचं लक्ष्मीपुरीत शेतीपंपांचं दुकान. त्या साली, म्हणजे २००३ मध्ये, जिल्ह्यात सगळ्यात जास्त पंप त्यांनी विकले म्हणून कंपनीनं त्यांना ल्युब्लियानाची चार दिवसांची सहल जाहीर केली होती. तीही सपत्नीक. अण्णांना हे 'सपत्नीक'च खटकलं. फुकट द्यायचं तर एकाला द्यावं, दोघांना कोण देतं?

माणूस वाईट नव्हता, पण संशयी भारी. गॅसचं सिलिंडर दारात हलवून बघितल्याशिवाय आत येत नसे. नवी अंगठी तीन सोनारांकडं फिरून आल्याशिवाय बोटात जात नसे. इतक्या वर्षांच्या धंद्यात आपल्याला कुणी टोपी घातली नाही, हा त्यांचा एकमेव अभिमान होता आणि तो ते जपून होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा प्रतिनिधी सम्राट घरी चहाला आला. अण्णांनी त्याला उलटसुलट विचारून घेतलं.

"लई छान गाव हाय, अण्णा," सम्राट म्हणाला. "मधनं नदी, डोंगरावर किल्ला. जुनं गाव समदं चालतच बगायचं. काकू, चपलेत भागायचं न्हाई बरं का. बूट घ्या, बूट!"

नीलम्मा तोंडाला पदर लावून हसली. ते हसू अण्णांनी टिपून ठेवलं.

"आन् पासपोर्ट तुमच्याकडं द्यायचे म्हणं?"

"व्हिसासाठी. परत देतो की!"

"आन् एखाद्याला न्हाई जायचं असलं तर?"

"तर कंपनी फ्रिज देत्या, दोन दारांचा. पर फ्रिज काय, हितंबी मिळतोय." सम्राटनं बशीतला चहा संपवला. "सोमवारपत्तोर नक्की सांगा. मागं दुसरं दुकानदार रांगंत हाईत."

घाई करतोय म्हणजे काहीतरी आहेच, हे अण्णांनी मनाशी पक्कं केलं.

त्यात घरात दुसराच पेच उभा राहिला. अण्णा संध्याकाळी दुकानातून जेवायला यायचे, तेव्हा नीलम्मा घरात नसायची. विचारलं तर म्हणायची, "महादेवाच्या देवळात गेलतो." पण तिच्या चपला दारातच! बाई गायब आणि चपला जागेवर, हे कोडं अण्णांना सुटेना. बरं, आली की टाचा चोळत बसायची. देवळात कुणाच्या टाचा दुखतात? या वयात तिच्यावर कसला संशय घ्यायचा, याची त्यांना स्वतःचीच लाज वाटायची, तरीही ते घ्यायचेच.

सोमवारी सकाळी त्यांनी दुकानातून सम्राटला फोन लावला.

"फ्रिज पाठवून दे."

"अण्णा, काकूंना इचारलंय न्हवं?"

"घर कोण चालवतंय, मी का काकू?"

फोन ठेवला तेव्हा त्यांना हलकं वाटलं. पुन्हा एकदा त्यांना कुणी टोपी घालू शकलं नव्हतं. नीलम्माला फ्रिज दारात आला की सांगू, म्हणजे ती आपोआप खूश होईल.

त्याच संध्याकाळी ते लवकर दुकान बंद करून गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. नीलम्मा परसदारानं बाहेर पडली आणि रंकाळ्याच्या दिशेनं निघाली. अण्णा मागोमाग. भेळेच्या गाड्याआड थांबून त्यांनी पाहिलं. तळ्याच्या बांधावर येताच नीलम्मानं निऱ्या घोट्याच्या वर खोचल्या, आणि खाली पांढरेशुभ्र बूट चमकले.

ती चालू लागली. आधी जपून, मग ताठ, मग झपाझप. बांधाच्या टोकाला वळली, परत आली आणि अण्णांसमोरच येऊन थबकली.

"अगं बया! तुम्ही?" ती धापा टाकत हसली. "सांगणार हुतो की. बूट जरा सवयीचं झालं की सांगणार हुतो. बंबामागं लपवलं हुतं."

"हे कशाला?"

"तितं मागं पडाय नको म्हणून. जल्मभर बाजारात म्हणा, लग्नात म्हणा, तुमच्या मागं चार पावलं चालत आलो. विद्या म्हणाली, तितं समदी जोडीनं चालत्यात, हातात हात घालून." ती लाजली. "आन् देश हाय वो खरा. विद्यानंच सांगितलं. आपला नकाशा जुना, देश मागनं झाला. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही लेकीवरबी संशय घेतला असता."

अण्णांनी बुटांकडं पाहिलं. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "चावत्यात का?"

"न्हाई आता."

सकाळी दुकान उघडायच्या आधीच त्यांनी फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला "बाबा रे" म्हणाले. पण जागा कालच इस्लामपूरच्या एका दुकानदाराला गेली होती.

चार दिवसांनी फ्रिज आला. माणसं तो आत ठेवून गेली. अण्णा खाली मान घालून सगळं सांगत होते आणि नीलम्मा ऐकत होती. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं हळदीकुंकवाची वाटी आणली, फ्रिजच्या दाराला बोट लावलं, हात जोडले. मग बंबामागून बूट काढले, ओल्या फडक्यानं पुसले आणि खोक्यात घालून माळ्यावर ठेवले.

संध्याकाळी अण्णा दारात उभे राहिले.

"चल, रंकाळ्यावर जाऊन येऊ. बूट घाल."

"कशाला? चपला हाईत की."

बांधावर वारं सुटलं होतं. अण्णांनी चाल मंद केली, जरा कडेला सरकून शेजारी जागा ठेवली, हातही थोडा मागं सोडला. मग ते थांबले.

मागं, चार पावलांवर, चपलांचा आवाजही थांबला.