टिकलो म्हणून मिरवलो

मी टाऊन हॉल बोलतोय, निलंग्याकडच्या एका कसब्यातला. मान खाली घालून बोलतोय, तेवढं समजून घ्या.

निजामाच्या अमलात मला काळ्या दगडात बांधलं. तेव्हा इथं उर्दूत अर्ज वाचले जायचे. पुढं सभा झाल्या, रेशनच्या साखरेची पोती ठेवली, लग्नं तर किती लागली! सांडलेल्या अक्षतांपायी कोपऱ्याकोपऱ्यात मुंग्या झाल्या, पण मला ते सगळं आवडायचं.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. आजूबाजूची घरं बसली, मी उभा राहिलो. लोक लेकराबाळांसह माझ्या आसऱ्याला आले. "दगडाचं काम हाय, हलत न्हाई," म्हणत भिंतीवरून हात फिरवायचे. मी फुगलो. खरं सांगू? मी हललो होतो. मंचावरच्या कमानीला आतून चीर गेली होती. वरून चुना मारला आणि ती झाकली गेली. तेव्हाच थोडी माती सांडली असती, तरी कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं. पण कौतुकाची चटक लई वाईट! गप्प बसलो.

"भूकंपात टिकलेली इमारत" म्हणूनच दोन वर्षांखाली माझ्यात मुलींची अभ्यासिका काढली. वर्षाराणी रोज सगळ्यांच्या आधी यायची. घरी पत्र्याची एक खोली आणि माणसं सात, तिथं कसला अभ्यास! नर्सिंगच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन ती नेमकी कमानीखाली बसायची. पंखा तिथंच होता ना!

या पावसाळ्यात पाणी मुरलं आणि चीर बोटभर रुंदावली. माझा जीव थाऱ्यावर राहिना. शेवटी एका सकाळी, कुलूप उघडायच्या आधीच, मी कमानीचा एक दगड सोडून दिला. तिच्या खुर्चीचा चुरा झाला.

शिपाई मडिवाळप्पानं दार उघडून वर पाहिलं. "शिवा शिवा! ही चीर आजची न्हाई. लई जुनी हाय." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारपर्यंत साहेब येऊन मला सील ठोकून गेले.

वर्षाराणी दाराशीच उभी होती. "मामा, परीक्षा तीन आठवड्यांवर आली. मी कुठं बसू?"

"जीव वाचला बघ, पोरी."

"ते खरं हाय. पण बसू कुठं?"

मी वेळेवर बोललो असतो, तर कधीच सांधला गेलो असतो आणि ती आज आत वाचत बसली असती. लाज वाटते हो!

मला पाडा की सांधा, तुमची मर्जी. आधी त्या पोरीला बसायला जागा द्या.