गाडी सुरू झाली तर

माझ्या बहिणीचं, रोस्मानिदारचं पत्र आलं तेव्हा माझ्या बायकोला, नुरहायदाला जाऊन फार दिवस झाले नव्हते. पत्र लहानच होतं. 'दादा, दिवस कळव. पानसुपारी घेऊन आम्ही न्यायला येतो. आईची खोली झाडून ठेवली आहे.' मी ते घडी करून शब्दकोशात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही.

आमच्यात पुरुष नांदायला जातो. घर बायकोचं, तिच्या आईचं, पुढे तिच्या मुलींचं. बायको गेली की नवऱ्याच्या माहेरची माणसं येतात आणि त्याला मानाने परत घेऊन जातात. न्यायला कुणी आलं नाही आणि माणूस एकटाच परतला, तर त्याला हाकललं असंच गाव धरून चालतं. हे सगळं मी शाळेत मुलांना शिकवलेलं. पण तरुणपणी कोटो बारूला नुरहायदाच्या घरात आलो, तिथेच म्हातारा झालो, मुलगी तिथेच झाली. रीत असते, पण आपल्याला ती लागू होईलच असं नाही, असं मी मनाशी धरून बसलो होतो. उत्तर लिहिलं असतं तर जायचा दिवस ठरला असता.

मग नातीचं लग्न ठरलं. घरात नवा जावई येणार म्हणजे नव्या जोडप्याला खोली हवी, आणि हवी ती माझीच. तसं मला तोंडावर कुणी म्हणालं नाही. माझी मुलगी युलमाइनी पडद्याचं माप घ्यायला आली, तेव्हा मी पलंगावर वाचत बसलो होतो. तिने मला पाय वर घ्यायला सांगितले, खिडकी मोजली आणि निघून गेली.

घरात शब्द चालायचा तो नुरहायदाच्या धाकट्या भावाचा, बसरिलचा. आयुष्यभर बस चालवलेला, आवाज मोठा. घराची एक जुनी डिझेलची गाडी होती. ती माझा जावई हेन्द्रिझल चालवायचा, कोबी आणि गाजरं भरून पेकनबारूला न्यायचा. त्या आठवड्यात ती चढाला धापा टाकायला लागली. डिझेल गाळायचा फिल्टर तुंबला होता. नवा आणून ठेवला होता, पण गॅरेजवाला माहेरी गेलेला आणि कोबी तर दुसऱ्या दिवशी जायलाच हवा.

सकाळी कॉफी पिताना बसरिल म्हणाला, "मास्तरांना बसवा कामाला. घरात गाडीचं पुस्तक वाचलेला माणूस एकच."

हेन्द्रिझल खो खो हसला. मी ते पुस्तक वाचलं होतं हे खरं. गाडी आली तेव्हा तिच्यासोबत आलं होतं, आणि ते कुणी उघडत नाही याचं मला वाईट वाटायचं. त्यातली चित्रं दाखवून मी नुरहायदाला हसवायचो.

"मी बदलतो," मी म्हणालो. इतक्या हळू, की मला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

बसरिलने कप खाली ठेवला. "मास्तरांनी जन्मभर क्रियापदं फिरवली. नट कधी फिरवलाय?" मग आजूबाजूला बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चला, पैज. गाडी सुरू झाली तर खोली तुमची."

तो थट्टा करत होता हे मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. पण बुडणाऱ्याने काडी धरावी तसं मी ते वाक्य धरलं.

अंगणात खुर्च्या टाकून सगळे बघायला बसले. शेजारचेही दोघे-तिघे आले. मी इंजिनावरचं पुढचं सीट उचललं, खाली परात ठेवली. ती तांदूळ धुवायची आहे, असं युलमाइनी दारातून म्हणाली आणि मला ती बदलावी लागली. जुना फिल्टर हाताने सुटेना. मी कमरेचा पट्टा काढून त्याला गुंडाळला आणि ओढला. इकडे विजार सैल झाली. एका हाताने पट्टा, एका हाताने विजार. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बसरिल म्हणाला, "नीट बघा, पुस्तकात हे पान नाही."

फिल्टर सुटला. आतलं काळं पाणी आणि डिझेल माझ्या बाहीत शिरलं. नवा खोक्यातून काढला तर त्यावरची रबराची रिंग नव्हती. रिंगशिवाय तो हवा ओढतो आणि गाडी बंद पडते, हे मला ठाऊक होतं. मी खोकं उलटं केलं, गुडघ्यांवर बसून माती चाचपली. बराच वेळ. मागून हसणं वाढत गेलं तेव्हा मी वळून पाहिलं. हेन्द्रिझल ती रिंग बोटावर गरगरा फिरवत होता.

"हीच शोधताय का, आबा?"

मी हात पुढे केला. त्याने ती माझ्या हातात दिली नाही, मातीत टाकली. मी उचलली, सदऱ्याला पुसली, डिझेलचं बोट फिरवून बसवली. फिल्टर हातानेच घट्ट केला. हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहिलो. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग नुसतं स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला. हेन्द्रिझलने किल्ली फिरवली. पहिल्यांदा गाडी नुसतीच खोकली. दुसऱ्यांदा सुरू झाली, आणि सुरूच राहिली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी तसाच उभा होतो, हातात जुना फिल्टर, आणि लहान मुलासारखा बसरिलच्या तोंडाकडे बघत होतो.

जेवायला बसलो तेव्हा युलमाइनीने माझ्या ताटाशी चमचा ठेवला. हाताला डिझेलचा वास आहे म्हणून असेल. पण आमच्या घरात चमचा पाहुण्याला देतात.

बसरिलने अर्धं जेवण संपवलं. मग म्हणाला, "गाडी छान चालतेय. उद्या कोबीसोबत मास्तरांचं सामान चढवा. बहिणीचं पायाकुंबूह वाटेवरच आहे."

मी पैजेची आठवण करून दिली. तो हसलाही नाही. "पैज? मास्तर, खोली माझी आहे का, पैजेला लावायला? घर बायकांचं. हे तुम्हीच शिकवायचात ना?"

मग मी निदान मुदत मागितली. बहिणीला कळवतो, ती न्यायला येईल, तेवढे दिवस द्या. बसरिल म्हणाला, तिने विचारलं होतं तेव्हा तुम्ही उत्तर दिलं नाहीत, आता गाडी काय तुमच्या टपालासाठी थांबणार?

मी मुलीकडे पाहिलं. ती भात वाढत होती.

"लग्नाला नक्की या, आबा," ती म्हणाली. "पाहुण्यांत पुढे बसवू."

सकाळी कोबीची पोती आधी चढली, मग माझी पेटी आणि उशी. पुढच्या सीटवर बसलो, तर खाली माझाच फिल्टर. एकदाही हवा ओढली नाही त्याने. वाटेत मला वाटत होतं, निदान चढावर तरी बंद पडेल.

बुकिटिंगीला मी पोस्टापाशी थांबायला सांगितलं. हेन्द्रिझल कुरकुरला. "आबा, पत्राच्या आधी तुम्हीच पोचाल."

"माहीत आहे," मी म्हणालो. उतरता उतरता विचारलं, "तुला बहीण नाही ना रे?"

मला उत्तर ठाऊक होतं. तो आईचा एकुलता एक, आणि आई गेलेली. तिचं घर आता मावशीच्या मुलींकडे.

"नाही," तो म्हणाला. काही क्षणांनी त्याला कळलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. मला बरं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं.

आत जाऊन खिडकीवर उभ्या उभ्या लिहिलं: 'रोस्मानिदार, न्यायला येऊ नकोस. मी आलो आहे.' पाकीट चिकटवलं. त्यालाही डिझेलचा वास लागला होता. टपालपेटीत टाकलं. बाहेर हेन्द्रिझल गाडी चालू ठेवूनच बसला होता.