काठी मोडेपर्यंत

सेलूजवळच्या एका खेड्यातल्या संग्रहालयात दर रविवारी बेचाळीस साल जिवंत व्हायचं. गावकरीच हौसेने सत्याग्रही व्हायचे आणि गावकरीच शिपाई. चंद्रभान शिपाई, रूपराव सत्याग्रही. लाठी म्हणजे अंबाडीची सोललेली, काळा रंग फासलेली हलकी काडी. तिसऱ्या फटक्याला ती मोडायची, आणि मोडली की सत्याग्रह्याने पडायचं. त्याआधी नाही. नियम रूपरावाचाच, आणि नियमाच्या बाबतीत माणूस महाहट्टी.

त्या रविवारी चंद्रभानने घरून बांबू आणला, तसाच काळा रंगवून. कारण मिरची. रूपरावाने भर वाऱ्यात तणनाशक फवारलं आणि शेजारच्या चंद्रभानची तोडणीला आलेली मिरची जळून गेली. वर, वारा काही आपल्या बापाचा नाही, असं सुनावलं. चंद्रभानचं डोकं फिरलं ते तिथेच. रूपरावाने चारचौघांत हात जोडावेत, एवढंच त्याला हवं होतं.

पहिला फटका पाठीत बसला तशी रूपरावाची मान झटक्याने वळली. त्याला सगळं कळलं.

"मिरचीचं हाय काय हे?" तो हळूच म्हणाला.

"हात जोड, मंग थांबतो."

"काठी मोडली का पडतो मी. हात नाई जोडत."

दोन. तीन. शाळेची पोरं तालात मोजत होती. चौथ्याला ती खुशीने ओरडली, आज जास्तीचं होतं. पाचव्याला खांद्याचं हाड वाजलं. सहावा कपाळावर बसला, रक्त डोळ्यांत उतरलं आणि मोठ्यांनीही वाहवा केली. चंद्रभान आता मिरची विसरला होता. त्याला नुसतं मारायचं होतं. सातवा त्याने डोक्यातच घातला, आठवाही.

नवव्याला हात उचलला आणि तो भानावर आला. रूपरावाचा कान फाटून लोंबत होता, तरी तो उभाच. मरेल हा, पण पडणार नाही. चंद्रभानने बांबू गुडघ्यावर ठेवून सगळा जोर लावला. बांबू वाकला, मोडला नाही. पुन्हा लावला.

"चंदू," रूपरावाला काही दिसत नव्हतं, "मोडली काय?"

"मोडली, दादा. मोडली. पड आता."

तेव्हा कुठे रूपराव पडला. परत हलला नाही. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि चंद्रभान ती अख्खी काठी छातीशी धरून सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडू लागला.