अर्ध्या वाक्याचा हापसा

मित्रांनो, माझ्या तोंडून पाणी यावं हेच बरं. शब्द मला नीट जमतील की नाही, याची शंकाच आहे. मी एक म्हातारा हापसा आहे. जन्म कोल्हापूरकडच्या एका ओतशाळेतला. आयुष्य मात्र नाईलकाठच्या दलदलीत, एका नव्या देशातल्या गुराख्यांच्या गावात गेलं.

तो देश युद्धातून नुकताच उठला होता. नवे अध्यक्ष लोकुडू यांनी आल्याआल्या स्वतःच्या वाड्याचं बांधकाम थांबवलं आणि गावोगावी हापसे बसवायला घेतले. माझ्या उद्घाटनाला ते स्वतः आले. रिवाजाप्रमाणे पांढरा बैल कापला गेला. त्याला ओलांडून ते माझ्यापाशी आले, कोट काढून त्यांनी अयेनच्या हातात दिला आणि मला हापसलं. अयेन माझी राखणदार. मला उघडायचं कसं, हे मला बसवणाऱ्या मिस्त्रीनं तिलाच शिकवलं होतं. बैलाचं कातडंही तिलाच मिळालं.

अध्यक्षांची भाषा गावाला येत नव्हती. ते म्हणाले, "हा हापसा सरकारचा आहे. आणि सरकार म्हणजे तुम्ही." दुभाष्यानं पहिलं वाक्य सांगितलं. त्यात 'सरकार'साठी त्यानं जुनाच शब्द वापरला: अकुमा. तेवढ्यात पाणी उसळलं, बायकांनी आनंदानं किलकाऱ्या मारल्या आणि दुसरं वाक्य त्यात बुडून गेलं.

अकुमा म्हणजे कोण, हे गावाला पाठ होतं. घरं जाळणारे, गुरं हाकून नेणारे. मुखिया मकूर यांच्या पाठीवर अजून वळ होते. पूर्वी अकुमाच्या विहिरीचा दोर ओढला म्हणून उठलेले.

चार वर्षं माझं कौतुक झालं. मग माझ्या पोटातला चामड्याचा वायसर झिजला. हापसलं की नुसती हवा. मकूर यांनी राजधानीला पत्र धाडलं, पान्हे पेटीत टाकून कुलूप लावलं आणि गाव पुन्हा तळ्याच्या गढूळ पाण्यावर गेलं. मित्रांनो, गावात माणसांपेक्षा गुरं जास्त होती, आणि सगळे तळहाताएवढ्या चामड्याची वाट पाहत होते!

अयेनची लेक न्यिबोल त्या बैलाच्या कातड्यावरच झोपायची. तिला हगवण लागली, तेव्हा अयेननं त्याच कातड्याचा तुकडा कापला, चरबी चोळून मऊ केला आणि ती मकूर यांच्याकडे गेली. ते चार गावकऱ्यांसोबत माझ्या कठड्यावरच बसले होते.

"काका, पान्हा द्या. घटकाभराचं काम आहे."

"अकुमाचा आहे तो! तुरुंगात कोण जाणार, तुझा बाप?"

"अध्यक्ष म्हणाले होते, अकुमा म्हणजे तुम्हीच. मी राजधानीत राहिलेय, मला कळली त्यांची भाषा."

"अस्सं? ऐका रे, ही अकुमा! पायात चप्पल नाही, पण अकुमा!"

सगळे हसले.

"हसा काका. पोर तळ्याचं पाणी पितेय."

"पत्राचं उत्तर येऊ दे," ते खाली बघत म्हणाले.

मीही ते वाक्य ऐकलं होतं. पण लोखंडाची साक्ष कोण काढणार?

अकराव्या दिवशी न्यिबोल गेली. गोठ्याच्या कडेला तिला पुरल्यावर मकूर यांनी पेटीच उचलून आणली आणि अयेनच्या दारात ठेवली. चामडं सुकून कडक झालं होतं. ते तिनं तळ्याच्या पाण्यात भिजवलं, मला उघडलं, बसवलं, आवळलं. घटकाभरही वेळ लागला नाही. पाणी आलं. बायका धावल्या. अयेन मात्र रिकामा घडा घेऊन तळ्याकडे चालू लागली.

पुढच्या महिन्यात राजधानीहून लोक आले. त्यांनी मला निळा रंग दिला, फोटो काढला आणि 'दुरुस्त केला' असं लिहून नेलं. अध्यक्षांना ते वाचून समाधान वाटलं असेल. माणूस वाईट नव्हता.

अयेन अजूनही माझ्याकडे येत नाही. मित्रांनो, एखादी वस्तू 'सरकारची आहे' असं कुणी म्हणालं, तर किलकाऱ्या मारू नका. पुढचं वाक्य ऐकायला थांबा. ते आलंच नाही, तर तुम्ही म्हणा. आणि पान्हा कुलपात ठेवू नका.